एल४४४पी: रिपोर्टवर एक म्युटेशन, आजार मात्र वेगवेगळे

१८८२ साली पॅरिसमध्ये फिलिप गोशे या तरुणाने वैद्यकीय प्रबंधात ३२ वर्षांच्या एका स्त्रीच्या अवाढव्य प्लीहेचं वर्णन केलं. फुगलेल्या पेशी पाहून त्याला तो कर्करोग वाटला. हाच पुढे त्याच्या नावाने ओळखला जाणारा गोशे आजार. त्या पेशींत ग्लुकोसेरेब्रोसाइड हा मेद साचलेला असतो, हे १९३४ मध्ये कळलं. १९५५ मध्ये लायसोसोमचा, म्हणजे पेशीतला कचरा मोडणाऱ्या पिशवीचा, शोध लागला आणि १९६५ मध्ये रॉस्को ब्रेडी यांच्या गटाने दाखवलं की हा मेद तोडणारं एन्झाइमच अपुरं पडतं.

तोवर डॉक्टरांनी लक्षणांवरून तीन प्रकार पाडले होते. पहिल्यात यकृत, प्लीहा आणि हाडं. दुसऱ्यात तान्हेपणीच मेंदूही. तिसऱ्यात मेंदूही, पण संथपणे. एन्झाइम जितकं कमी तितका आजार गंभीर, असा सरळ हिशेब लागेल अशी अपेक्षा होती. तो लागला नाही. पांढऱ्या पेशींतल्या एन्झाइमच्या आकड्यावरून निदान होतं, प्रकार ठरत नाही.

मग हे एन्झाइम बनवणाऱ्या जनुकाकडे मोर्चा वळला. १९८७ मध्ये एल४४४पी आणि १९८८ मध्ये एन३७०एस ही म्युटेशनं, म्हणजे जनुकातले बदल, सापडली. नावातला आकडा म्हणजे एन्झाइमच्या साखळीतलं कितवं अमिनो आम्ल बदललं ते. प्रत्येकात जनुकाच्या दोन प्रती असतात, आई-वडिलांकडून एकेक. त्यांत एन३७०एसची एक जरी प्रत असली तरी मेंदूला सहसा धोका नाही, हा नियम आजही टिकून आहे. पण तो फक्त मेंदूपुरता. एन३७०एसच्या दोन प्रती असलेल्या कुणाचं हाड ऐन तिशीत सडतं, तर कुणाला आजार असल्याचं घरच्यांच्या तपासणीतच कळतं. एकसारख्या जुळ्यांतही हा फरक नोंदला गेला आहे.

एल४४४पीची गंमत वेगळीच. त्यामुळे डीएनएवर एनसीआय-वन या कात्री-एन्झाइमची नवी जागा तयार होते. सुरुवातीच्या प्रयोगशाळा तिथे काप पडतो का तेवढंच पाहत. पण खऱ्या जनुकापासून १६ हजार बेसवर (डीएनएच्या अक्षरांवर) त्याचं हुबेहूब वाटावं असं निकामी भावंड, म्हणजे स्यूडोजीन, बसलेलं आहे आणि त्यात हाच बदल आहे. कधी त्याचा तुकडा खऱ्या जनुकात घुसतो. सोबत ए४५६पी हा दुसरा बदलही येतो आणि एन्झाइम जवळपास तयारच होत नाही. रिपोर्ट मात्र साधा बदल असो की असा घुसलेला तुकडा, दोन्हींचा ‘एल४४४पी’. १९९० च्या सुमारास हे उलगडलं, तेव्हा जुनी बरीच विसंगती मिटली. म्हणून आजही खऱ्या जनुकालाच चिकटणारे प्रायमर (डीएनएचे छोटे तुकडे) वापरून लांब पल्ल्याचा पीसीआर, म्हणजे जनुकाच्या मोठ्या भागाच्या भरपूर प्रती काढणारी चाचणी, आणि दोन्ही पालकांची तपासणी हवी.

आणखी एक खड्डा आकड्यांचा. जुन्या मोजणीत सुरुवातीची ३९ अमिनो आम्लं धरत नसत. त्यामुळे एन३७०एस आता एन४०९एस झालं, एल४४४पी झालं एल४८३पी. जुनं डी४०९एच हे मात्र वेगळंच म्युटेशन. त्याच्या दोन प्रती असल्या की हृदयाच्या झडपांवर कॅल्शियम जमतं. नुसतं ‘४०९’ वाचून निष्कर्ष काढू नये.

एन३७०एसचा दिलासा मुख्यतः अश्केनाझी, म्हणजे मध्य-पूर्व युरोपीय वंशाच्या, ज्यूंना. भारतीय रुग्णांत एल४४४पी सर्वाधिक आढळतं, आणि त्याच्या दोन प्रती म्हणजे बहुधा तिसरा प्रकार. १९९१ पासून मिळणारं, शिरेतून दिलं जाणारं एन्झाइम प्लीहा उतरवतं, मेंदूपर्यंत पोचत नाही. त्यामुळे अशा मुलाची आडवी नजर दर भेटीत पाहावी लागते: बाजूला पाहताना डोळ्यांऐवजी मान झटकतं का, की आधी पापणी मिटतं.