प्रवाळभित्तींचा अभ्यास : आरमारी नकाशांपासून उपग्रहांपर्यंत

प्रवाळभित्ती म्हणजे पोवळ्याच्या जिवांनी समुद्रात उभारलेल्या चुनखडीच्या भिंती. त्या कशा बनतात, याचा सगळ्यात प्रभावी सिद्धांत नकाशे वाचून उभा राहिला. १८४२ साली चार्ल्स डार्विनने तो मांडला. ज्वालामुखीचे बेट हळूहळू खचते, भोवतीचे पोवळे उजेडासाठी वर वाढत राहते. किनाऱ्याला चिकटलेली भित्ती किनाऱ्यापासून सुटते आणि बेट बुडाले की नुसते भित्तीचे गोल कडे उरते. हिंदी महासागरातले मालदीव आणि छागोस हे द्वीपसमूह डार्विनने पाहिलेच नव्हते. तिथल्या भित्तींसाठी त्याने ईस्ट इंडिया कंपनीच्या आरमाराचे, म्हणजे तेव्हाच्या इंडियन नेव्हीचे, कॅप्टन रॉबर्ट मोर्सबी यांचे सागरी नकाशे वापरले आणि जगभरच्या भित्ती प्रकारानुसार रंगवून स्वतःचा नकाशा छापला. १९५२ मध्ये प्रशांत महासागरातल्या एनिवेटॉक या प्रवाळबेटावर छिद्र खोदताना सुमारे १,४०० मीटर खाली ज्वालामुखीचा खडक लागला, तेव्हा त्याच्या म्हणण्याला पुरावा मिळाला.

१९७२ मध्ये लँडसॅट या पृथ्वीची चित्रे घेणाऱ्या अमेरिकी मालिकेतला पहिला उपग्रह गेला आणि भित्ती अवकाशातून पाहता येऊ लागल्या. अवरक्त किरण पाण्याच्या वरच्या थरातच शोषले जातात. निळा-हिरवा प्रकाश स्वच्छ पाण्यात बराच खोल जाऊन परततो. मात्र चित्रात तळाचा रंग आणि पाण्याची खोली एकमेकांत मिसळतात. ती वेगळी काढण्याची रीत संशोधक डेव्हिड लायझेंगा यांनी १९७८ मध्ये दिली.

भारताचा आयआरएस-१ए उपग्रह १९८८ मध्ये अवकाशात गेला. पुढे अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राने कच्छ, मन्नार, लक्षद्वीप आणि अंदमान-निकोबार इथल्या भित्तींचे नकाशे केले. या तंत्राची ताकद मला सगळ्यात जास्त जाणवते ती २००४ च्या, त्सुनामी आणणाऱ्या भूकंपात. उत्तर अंदमानचा पश्चिम किनारा वर उचलला गेला आणि प्रवाळ उघड्यावर पडून मेले, निकोबार खचले. भूकंपाआधीची आणि नंतरची चित्रे शेजारी ठेवून, प्रत्येक चित्राच्या वेळची भरती-ओहोटी हिशेबात धरून, कुठली जमीन वर आली आणि कुठली खाली गेली याची सीमारेषाच संशोधकांनी आखली. जमिनीच्या ज्या खचण्याची डार्विनने कल्पना केली होती, तशी हालचाल इथे एका दिवसात झाली आणि भित्ती तिची मोजपट्टी ठरल्या.

२००८ मध्ये लँडसॅटचा जुना साठा सर्वांना मोफत खुला झाला. नागपूरच्या विद्यार्थ्यांसाठी मला हे वळण फार मोलाचे वाटते. महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र इथेच, व्हीएनआयटी या अभियांत्रिकी संस्थेच्या आवारात आहे. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या या केंद्राने किनाऱ्यावरच्या खारफुटीचे नकाशे केले आहेत. भूगोलात एम.ए., एम.एस्सी. करणाऱ्यांनी लक्षद्वीपच्या एखाद्या बेटाची तीन दशकांची चित्रे लावून पाहावीत. तळावर काय आहे याची खात्री मात्र पाण्यात उतरलेल्या माणसाकडूनच करून घ्यावी लागते, आणि कच्छसारख्या गढूळ पाण्यात तर जास्तच.

आपल्या राज्याचा प्रश्न आणखी अवघड आहे. मालवणजवळ थोडे प्रवाळ आहेत. विजयदुर्गच्या पश्चिमेला भर समुद्रात अँग्रिया बँक हे प्रवाळ असलेले पाण्याखालचे पठार आहे. तिचा माथासुद्धा पाण्याखाली सुमारे वीस मीटरवर, म्हणजे उपग्रहाला जेमतेम दिसेल इतका खोल. तिचा नकाशा जहाजावरच्या, ध्वनिलहरींनी खोली मोजणाऱ्या ‘सोनार’ यंत्रानेच व्हायला हवा.