ऱ्हुमॅटॉइड संधिवाताची औषधे आणि त्वचा : पार्श्वभूमी

ऱ्हुमॅटॉइड संधिवात हा मुख्यतः सांध्यांचा विकार असला, तरी त्यावरील औषधांचा त्रास पुष्कळदा त्वचेवर दिसतो, आणि ही तक्रार या रोगावरच्या पहिल्या खऱ्या गुणकारी औषधाइतकीच जुनी आहे. सोन्याच्या सायनाइडमुळे क्षयाच्या जंतूंची वाढ खुंटते, असे रॉबर्ट कॉख यांना १८९० मध्ये प्रयोगशाळेत आढळले होते. संधिवाताचे मूळही क्षयासारख्या जंतुसंसर्गात असावे, अशा समजुतीने फ्रान्समधील झाक फोरेस्तिए यांनी १९२९ च्या सुमारास सोन्याच्या क्षारांची इंजेक्शने रुग्णांना दिली. तर्क चुकीचा होता, पण गुण आला. त्याबरोबर खाज आणि पुरळ आले, तोंडही येऊ लागले, आणि दीर्घकाळ उपचार घेतलेल्या काहींची उन्हाला उघडी पडणारी त्वचा कायमची करडी-निळसर झाली. त्यामुळे पुढचे इंजेक्शन देण्यापूर्वी खाजेची चौकशी करण्याची शिस्त डॉक्टरांना लागली.

फिलिप हेंच यांनी १९४८ मध्ये मेयो क्लिनिकमध्ये वापरलेल्या कॉर्टिसोनने वेदना झपाट्याने शमल्या, मात्र असे स्टेरॉइड दीर्घकाळ घेतल्यास त्वचा पातळ होते व किरकोळ धक्क्यानेही काळेनिळे डाग पडतात, हेही यथावकाश कळले. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे मूळचे हिवतापाचे औषध. त्याने नडग्यांवर निळसर-काळपट डाग पडू शकतात. मेथोट्रेक्सेट तर आधी सोरायसिस या खपल्या धरणाऱ्या त्वचारोगासाठी रुळले आणि संधिवातासाठी त्याला अमेरिकेत १९८८ मध्ये मान्यता मिळाली. आठवड्यातून एकदाच घ्यायची ही गोळी चुकून रोज घेतली गेल्यास तोंडात, क्वचित त्वचेवरही, जखमा होतात. हा दोष औषधापेक्षा चिठ्ठीवरच्या अस्पष्ट सूचनेचा अधिक म्हणावा लागेल.

१९९८ पासून इटानरसेप्ट, इन्फ्लिक्सिमॅब यांसारखी टीएनएफ-रोधक (दाह वाढवणारे टीएनएफ हे शरीरातील प्रथिन रोखणारी) औषधे आली, आणि कोडे वेगळेच पडले : जी औषधे सोरायसिस आटोक्यात आणतात, तीच घेताना काही संधिवातग्रस्तांना नव्याने सोरायसिस होऊ लागला, विशेषतः तळहात-तळपायांवर पुवाळलेल्या पुटकुळ्यांच्या रूपात. टीएनएफ दबला की एरवी त्याच्या अंकुशाखाली असलेल्या टाइप-१ इंटरफेरॉनचा (प्रतिकारशक्तीच्या दुसऱ्या एका संदेशवाहक प्रथिनाचा) जोर वाढतो, हे याचे सर्वाधिक मान्य स्पष्टीकरण आहे. त्यामुळे पुरळ म्हणजे केवळ ॲलर्जी वा विषबाधा, हा सोन्याच्या काळातील अर्थ येथे पुरा पडत नाही. सौम्य त्रास असल्यास मूळ औषध चालू ठेवून त्वचेवर मलम देतात. तो आटोक्यात न आल्यास त्याच गटातील दुसऱ्या औषधाऐवजी गटच बदलण्याकडे कल असतो, कारण ही प्रतिक्रिया एखाद्या रेणूची नसून टीएनएफ रोखण्याचीच असते.