पत्र्याला वर ओढणारा वारा

पर्वतीच्या पायऱ्या चढताना बाजूच्या उतारावरची वस्ती जरा थांबून पाहावी. पत्र्यांवर दगड, विटा, जुने टायर ठेवलेले दिसतात. त्या दगडांबद्दल मला मनापासून आदर आहे. हलकं छप्पर कोसळण्याआधी उडतं, हे ते ठेवणाऱ्यांना पक्कं ठाऊक आहे. मला ते कळायला एक वळीव जावा लागला.

कोथरूडला घरामागे फावडी, कुंड्या आणि खताची पोती ठेवायला मी आठ बाय सहा फुटांची शेड बांधली. चार लाकडी खांब, त्यावर आडव्या पट्ट्या, वर पत्रा. मे महिन्यातल्या एका संध्याकाळी धुळीचा लोट आला आणि छप्पर अख्खंच्या अख्खं जास्वंदीवर उलटं जाऊन पडलं. पत्र्याचा एकही स्क्रू सुटला नव्हता. सुटले होते ते पट्ट्या खांबांवर ठोकलेले खिळे. मी ते हातात घेऊन पाहिले. एकही वाकलेला नव्हता, सगळे सरळ, जसे ठोकले तसेच बाहेर आलेले.

वारा भिंतीवर आदळतो, वर उसळतो आणि छपराच्या कडेवरून जाताना पत्र्यापासून सुटतो. त्या जागी हवेचा दाब कमी होतो. शेडच्या आतली हवा मात्र नेहमीच्या दाबाची असते, म्हणून ती पत्रा वर ढकलते. कडांवर आणि कोपऱ्यांवर ही ओढ सर्वांत जास्त असते. त्यात वाऱ्याच्या बाजूचं दार उघडं असेल, तर आत हवा भरत जाते आणि खालून रेटा आणखी वाढतो.

आता आकडे पाहू. वाऱ्याचा वेग सेकंदाला किती मीटर, त्याचा वर्ग करून ०.६ ने गुणलं की दर चौरस मीटरवरचा दाब न्यूटनमध्ये मिळतो. इमारतींसाठीच्या भारतीय मानकात पुण्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १४० किलोमीटर धरला आहे. तो मोकळ्या माळावरचा, दहा मीटर उंचीचा. घरांच्या आडोशाला वारा मंदावतो, म्हणून आपण ताशी ९० चा, म्हणजे सेकंदाला २५ मीटरचा झोत घेऊ. दाब येतो ३७५ न्यूटन, साधारण ३८ किलो वजनाइतका. वळचणीसकट माझं छप्पर सहा चौरस मीटरचं, म्हणजे एकूण ओढ सव्वादोनशे किलोच्या आसपास. अर्ध्या मिलिमीटरच्या पत्र्याचं वजन जेमतेम ३० किलो! वीस किलोचे चार दगड ठेवले तरी हिशेब जमत नाही. शिवाय पत्रा फडफडायला लागला की दगड घरंगळतो, आणि तो कुणाच्या डोक्यावर पडेल हे सांगता येत नाही.

म्हणून ही ओढ पत्र्यापासून जमिनीपर्यंत पोचवायला हवी. पत्रा पट्टीला, पट्टी खांबाला, खांब पायाला. यातला जो जोड कच्चा, तिथेच छप्पर सुटणार. खिळा आडव्या जोराला चांगला टिकतो, पण सरळ उपसला की त्याला फक्त लाकडाची पकड उरते, आणि उन्हाळ्यात लाकूड वाळून आकसलं की तीही ढिली पडते. दुसऱ्या खेपेला मी प्रत्येक खांबाला लोखंडी पट्टी वळवून आरपार बोल्ट मारले. खांबांसाठी एक बाय एक फुटाचे, दीड फूट खोल खड्डे घेतले. एका खड्ड्यातलं काँक्रीट भरतं सुमारे १०० किलो, चारांचं मिळून ४००.

उताराचा विचार मात्र पावसाकडून करायचा. पुण्यात पावसाळाभर वारा पश्चिमेकडून येतो. खालची कड पश्चिमेला ठेवली आणि दार उंच बाजूला, पूर्वेला. म्हणजे पावसाचा मारा दारावर येत नाही. वळिवाचा झोत ढग असेल त्या दिशेने येतो, त्यामुळे जोड चारही बाजूंना सारखेच मजबूत हवेत. उतार सहा फुटांना नऊ इंच दिला. याहून सपाट ठेवलं तर पत्रे एकमेकांवर येतात त्या फटीत पाणी केशाकर्षणाने मागे चढतं. उताराच्या दिशेने अखंड पत्रा घेतला, तर आडवा जोडच राहत नाही. वळचण सहा इंच पुरे. ती जितकी पुढे, तितका वाऱ्याला खालून हात घालायला वाव.

हिवाळ्यात आणखी एक गोष्ट दिसते. निरभ्र रात्री पत्रा आकाशाकडे उष्णता सोडून हवेपेक्षाही थंड होतो आणि ओल्या मातीची वाफ त्याच्या आतल्या बाजूला दवासारखी जमते. सकाळी खताच्या पोत्यावर थेंब पडलेले पाहून मी छप्पर गळतंय असं समजलो होतो. वळचणीखाली इंचभर फट ठेवून जाळी लावली आणि ते थांबलं.

स्क्रू नेहमी पत्र्याच्या उंचवट्यावर मारावा, कारण पाणी खळगीतून वाहतं. रबरी वायसर कडेने किंचित फुगेल इतकंच आवळावं. जास्त आवळलं की रबर बाहेर येतं आणि दोन उन्हाळ्यांत तडकतं. दर एप्रिलच्या शेवटी मी शिडी लावून कोपऱ्यांतले स्क्रू आधी तपासतो, मधले नंतर.