वेट लायनर आणि ड्राय लायनर: जुन्या फर्ग्युसन आणि फोर्ड ट्रॅक्टरच्या इंजिनातला फरक

करड्या रंगाचा फर्ग्युसन टीई-२० आणि फोर्डचा ८एन हे दोन ट्रॅक्टर शेजारी उभे केले, तर नवख्या माणसाला ते सख्ख्या भावांसारखे दिसतात, आणि त्यांचे नाते खरोखरच जवळचे आहे. हॅरी फर्ग्युसन आणि हेन्री फोर्ड यांच्यात १९३८ साली झालेल्या तोंडी करारातून १९३९ मध्ये फोर्ड ९एन आला. पुढे फर्ग्युसन आणि फोर्ड कंपनी यांचे फाटले. फर्ग्युसनने १९४६ पासून इंग्लंडमधील कॉव्हेंट्री शहरात, स्टँडर्ड मोटर कंपनीच्या बॅनर लेन कारखान्यात टीई-२० बनवून घेतला आणि फोर्डने १९४७ मध्ये अमेरिकेत ८एन काढला. दोन्ही ट्रॅक्टर पाच लाखांच्या आसपास किंवा त्याहून अधिक संख्येने तयार झाले, आणि म्हणूनच आज इंजिन खोलून नव्याने उभे करण्यासाठी हौशी माणसाच्या हाती लागणाऱ्या जुन्या ट्रॅक्टरांमध्ये हे दोघे फार मोठ्या संख्येने असतात.

बाहेरून दिसणारे हे साम्य इंजिनाच्या आत फसवे ठरते. हेड, म्हणजे सिलिंडरांवरचे झाकण, उतरवल्यावर दोन्हीकडे चार गोल सिलिंडर दिसतात, दोन्हीकडे सिलिंडरच्या काठावर वेगळ्या धातूची कड दिसू शकते आणि दोन्हीकडच्या त्या नळकांड्याला कारागीर ‘लायनर’ किंवा ‘स्लीव्ह’ असेच म्हणतात. मात्र टीई-२० च्या स्टँडर्ड इंजिनातील लायनर हा वेट लायनर आहे आणि फोर्डच्या इंजिनातील स्लीव्ह हा ड्राय लायनर आहे. एकाची पद्धत दुसऱ्याला लावली, तर ब्लॉक, म्हणजे सिलिंडर ज्यात असतात तो इंजिनाचा मुख्य ओतीव भाग, कायमचा निकामी होऊ शकतो. म्हणून रिंग-पिस्टनचा संच मागवण्याआधी, किंबहुना हेडचे पहिले नट सैल करण्याआधी, आपल्यासमोर यांपैकी काय आहे हे निश्चित करणे आवश्यक आहे.

वेट लायनरच्या बाहेरच्या पृष्ठभागाला इंजिनातील थंड करणारे पाणी थेट लागते. सिलिंडरची भिंत म्हणजे हा लायनरच असतो. त्याच्यामागे ब्लॉकची दुसरी भिंत नसते. त्यामुळे तो जाड असतो, ब्लॉकमध्ये बहुधा हातानेच उतरतो, आणि पाणी रोखण्याचे काम वरच्या बाजूला हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉक यांच्यामधील पातळ थर) व खालच्या बाजूला स्वतंत्र सील करते. स्टँडर्ड इंजिनात हे खालचे सील इंग्रजी आठच्या आकड्यासारखे असते, म्हणजे शेजारच्या दोन लायनरांना मिळून एक. ड्राय लायनरचे तसे नाही. तेथे ब्लॉकला स्वतःचे पूर्ण सिलिंडर ओतलेले असते, पाणी त्या भिंतीच्या पलीकडे फिरते आणि लायनर म्हणजे त्या भिंतीला आतून चिकटून बसणारे पातळ अस्तर असते. फोर्डच्या या इंजिनांत हे अस्तर दोन प्रकारचे सापडते: एक ०.०४० इंच, म्हणजे जेमतेम १ मिलिमीटर जाडीचे पोलादी, आणि दुसरे ०.०९० इंच, म्हणजे सुमारे २.३ मिलिमीटर जाडीचे बिडाचे. कोणत्या वर्षीच्या ट्रॅक्टरात कोणते अस्तर असावे यावर तर्क करत बसण्यापेक्षा कॅलिपर लावून जाडी मोजावी, कारण सत्तर-ऐंशी वर्षांच्या आयुष्यात या यंत्रांची इंजिने आणि ब्लॉक अनेकदा बदललेले असतात.

गोंधळात भर घालणारी एक गोष्ट येथेच सांगितली पाहिजे. टीई-२० च्या अगदी सुरुवातीच्या ट्रॅक्टरांत स्टँडर्डचे नव्हे, तर अमेरिकेतील कॉन्टिनेंटल कंपनीचे झेड-१२० इंजिन होते. त्याचा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ३ ३/१६ इंच आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ३ ३/४ इंच, आणि फोर्डच्या ९एन व ८एन इंजिनांचे मापही नेमके हेच आहे. केवळ बोअरचे माप सांगून सुटे भाग मागवणाऱ्याला त्यामुळे भलताच संच मिळू शकतो. कॉन्टिनेंटलमध्ये वेट लायनर आणि हेडमध्ये बसवलेले व्हॉल्व्ह आहेत, तर फोर्डमध्ये ड्राय लायनर आणि ब्लॉकमध्येच सिलिंडरशेजारी बसवलेले व्हॉल्व्ह आहेत. हेड उतरवल्यावर सिलिंडरच्या बाजूला ब्लॉकमध्ये व्हॉल्व्ह दिसले, तर समोर फोर्डचे इंजिन आहे, ही ओळख या जोडीपुरती पुरेशी आहे.

दुरुस्तीच्या कामात दोघांच्या वाटा पूर्ण वेगळ्या होतात. झिजलेला वेट लायनर काढून नवा बसवताना ब्लॉकला बोअरिंग (यंत्राने आतून कोरून माप वाढवणे) करावे लागत नाही, हा त्याचा मोठा गुण आहे, आणि घरच्या शेडमध्ये काम करणाऱ्या माणसाला तो फार सोयीचा वाटतो. सगळे कष्ट स्वच्छतेत आणि मोजमापात आहेत. लायनर ज्या खाचेवर खाली टेकतो, तिथे अनेक दशकांचा गंज आणि गाळ साचलेला असतो. तो पूर्ण खरवडून काढला नाही, तर लायनर तिरका बसतो आणि सील कितीही नवे असले तरी पाणी खाली झिरपते. लायनर बसवल्यावर त्याची वरची कड ब्लॉकच्या पातळीपेक्षा किंचित वर राहिली पाहिजे, कारण हेड गॅस्केट दाबून धरण्याचे काम ही उंचीच करते. स्टँडर्ड इंजिनांच्या बाबतीत ती साधारण ०.००३ ते ०.००५ इंच, म्हणजे ०.०८ ते ०.१३ मिलिमीटर धरली जाते. तरीही आपल्या इंजिनाच्या मॅन्युअलमधील आकडाच प्रमाण मानावा. सरळ पट्टी आणि फीलर गेज (फट मोजण्याच्या पातळ पात्या) घेऊन प्रत्येक लायनर किमान चार ठिकाणी मोजावा आणि शेजारच्या दोन लायनरांमध्येही फरक राहू देऊ नये, अन्यथा दोघांच्या मधल्या अरुंद पट्टीत गॅस्केट जळते.

वेट लायनरच्या इंजिनात एक चूक इतक्या सहज होते की ती वेगळी सांगावीशी वाटते. केवळ हेड गॅस्केट बदलायचे म्हणून हेड उतरवले आणि नंतर व्हॉल्व्हची किंवा टायमिंगची खूण पाहण्यासाठी क्रँक (पिस्टन वर-खाली करणारा दांडा) फिरवली, तर वर येणारा पिस्टन रिंगांच्या घर्षणाने लायनरलाही थोडा वर उचलतो. वरून हेडचा दाब नसल्यामुळे खालचे सील सुटते. लायनर पुन्हा जागेवर बसल्यासारखा दिसतो, पण चार दिवसांनी ऑइल चेंबरमधील, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या टाकीतील, तेल दुधाळ होते आणि दोष नव्या गॅस्केटवर ढकलला जातो. हेड उतरवल्याबरोबर जाड वॉशर आणि नळीचे तुकडे स्टडवर चढवून लायनर दाबून धरले, तर हे संकट टळते. फोर्डच्या ड्राय लायनरमध्ये या प्रकारची भीती नाही, कारण पाण्याला चेंबरपर्यंत जाण्यासाठी लायनरच्या बाजूने वाटच नसते. तिथे तेलात पाणी आढळले, तर हेड गॅस्केट किंवा तडा गेलेला ब्लॉक यांचा शोध घ्यावा लागतो.

ड्राय लायनरची अडचण उष्णतेची आहे. सिलिंडरमधील उष्णता आधी अस्तरातून आणि मग ब्लॉकच्या भिंतीतून पाण्याकडे जाते, म्हणून या दोन धातूंचा स्पर्श सर्वत्र एकसारखा असणे अत्यावश्यक आहे. ब्लॉकच्या आतल्या भिंतीवर गंजाचा थर किंवा जुन्या छिन्नीचा ओरखडा राहिला, तर तेवढ्या जागी फट पडते, तिथे उष्णता अडकते, स्लीव्ह आत फुगते आणि रिंग अडकू लागतात. पातळ पोलादी स्लीव्ह काढताना ती आतल्या बाजूला दुमडून सोडवता येते, पण छिन्नी ब्लॉकला लागू नये यासाठी फार सावध हात लागतो; त्यातही व्हॉल्व्हची बैठक आणि सिलिंडर यांच्यामधील भाग अरुंद असल्याने तेथील तडे हेड उतरवल्यावर सर्वप्रथम तपासावेत. बिडाची जाड स्लीव्ह प्रेसने किंवा बोअरिंग करून काढणे हे वर्कशॉपचे काम आहे, आणि ते घरी करू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

इंजिनाची ताकद वाढवण्याचा विचार आला की वेट लायनरची बाजू अधिकच वरचढ ठरते. स्टँडर्ड कंपनीने टीई-२० च्या पेट्रोल इंजिनाचा बोअर ८० मिलिमीटरवरून ८५ मिलिमीटर केला, तेव्हा ९२ मिलिमीटरचा स्ट्रोक तसाच ठेवूनही क्षमता १,८५० वरून २,०८८ घन सेंटिमीटर झाली, म्हणजे जवळजवळ १३ टक्क्यांची वाढ. याच कुळातील इंजिन ८३ मिलिमीटर बोअरसह ट्रायम्फ टीआर-२ या स्पोर्ट्स कारमध्ये गेले आणि फर्ग्युसन ३५ च्या पेट्रोल इंजिनात ते ८७ मिलिमीटरपर्यंत वाढले. मोठे लायनर मागवताना मात्र आपला ब्लॉक कोणत्या काळचा आहे आणि हेड गॅस्केट कोणत्या बोअरचे आहे, हे ब्लॉकच्या क्रमांकावरून आधी जुळवून घ्यावे.

फर्ग्युसन ३५ चे नाव निघाले म्हणून महाराष्ट्रातील वाचकांसाठी एवढे नोंदवतो, कारण फर्ग्युसनचेच पुढचे नाव असलेल्या मॅसी-फर्ग्युसनचे, म्हणजे आपल्या मॅसीचे, तीन सिलिंडरी ट्रॅक्टर आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहेत. डिझेलच्या फर्ग्युसन ३५ मध्ये आधी स्टँडर्डचे चार सिलिंडरी २३सी इंजिन होते आणि त्यात वेट लायनर होते. १९५९ च्या सुमारास त्याची जागा पर्किन्सच्या तीन सिलिंडरी ३.१५२ इंजिनाने घेतली आणि त्यात ड्राय लायनर आहेत. म्हणजे बॉनेटवरचे नाव आणि आकडा तोच असूनही आतली रचना उलटी आहे, आणि सिलिंडर किती आहेत हे पाहिल्याशिवाय ती कळत नाही.

वेट लायनर बसवून झाल्यावर शेवटची तपासणी ऑइल चेंबर बंद करण्याआधीच करावी. हेड योग्य टॉर्कने (ठरवून दिलेल्या जोराने) आवळून, पाण्याचे मार्ग पूर्ण भरून इंजिन रात्रभर तसेच ठेवावे आणि खाली कोरडा पुठ्ठा अंथरावा. सकाळी त्यावर पाण्याचा एक जरी थेंब दिसला, तरी तो कोणत्या लायनरखालून आला हे खालून विजेरीने पाहावे आणि ती जोडी पुन्हा उतरवून सील बदलावे.