मोटारीची बदली किल्ली

मोटारीच्या मूळ किल्ल्या हरवल्यानंतर त्याच गाडीला चालेल अशी नवी किल्ली करून घेण्याची प्रक्रिया. बोलण्यात तिला सर्रास ‘डुप्लिकेट चावी काढणे’ म्हणतात. पण डुप्लिकेट काढायला हातात मूळ किल्ली असावी लागते. दोनपैकी एक किल्ली हरवली असेल, तर उरलेलीवरून दुसरी करून घेणे हे तुलनेने सोपे काम आहे. दोन्ही हरवल्या म्हणजे मात्र नमुना उरत नाही, कुलपाची आणि गाडीतील संगणकाची माहिती वेगळ्या वाटेने मिळवावी लागते, आणि वेळ, खर्च व कागदपत्रे यांचे सगळे गणित बदलते. प्रस्तुत नोंदीचा भर या दुसऱ्या प्रसंगावर आहे.

ॲम्बॅसिडर किंवा प्रीमियर पद्मिनी यांसारख्या जुन्या गाड्यांत इग्निशनचे कुलूप म्हणजे किल्लीने फिरवायचा विजेचा साधा खटका होता. पात्यावरचे दाते जुळले की गाडी सुरू होत असे. अशा कुलपाची किल्ली नमुन्याशिवायही हाताने घडवता येते. कारागीर कोऱ्या किल्लीचे पाते मेणबत्तीवर धरून काजळवतो, कुलपात घालून बेताच्या जोराने दोन्ही अंगांना पिळतो आणि बाहेर काढून उजेडात तिरके धरतो. आतल्या पितळी पत्र्या जिथे अडलेल्या असतात, तिथे काजळीवर टाचणीच्या टोकाएवढे चकाकते ठिपके दिसतात. त्या जागी कानशीचे दोन-तीन हात मारायचे, पुन्हा काजळी धरायची, पुन्हा पिळायचे, असे किल्ली फिरेपर्यंत चालते. एखादी खाच केसभर जास्त खोल गेली, तर नवी कोरी किल्ली घेऊन पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. रस्त्याच्या कडेला छत्री रोवून, किल्ल्यांच्या माळा टांगून बसणाऱ्या चावीवाल्याचे हे कसब आजही उपयोगी पडते, मात्र किल्लीत इलेक्ट्रॉनिक चिप असलेल्या गाडीत ते दार उघडण्यापुरतेच पुरते.

किल्लीत विजेची खूण घालण्याचा एक आरंभीचा गाजलेला प्रयोग जनरल मोटर्सने 1986 च्या कॉर्व्हेट गाडीत केला. किल्लीच्या पात्यात एक छोटा रोधक (रेझिस्टर) बसवलेला असे आणि त्याचे मूल्य गाडीला अपेक्षित असलेल्या मूल्याशी जुळले तरच इंजिन सुरू होई. अशी मूल्ये अवघी 15 होती. पुढे 1990 च्या दशकात ट्रान्सपाँडर चिप आली आणि युरोपात 1998 पासून नव्या गाड्यांना इमोबिलायझर, म्हणजे ओळखीची किल्ली नसल्यास इंजिन सुरू होऊ न देणारी यंत्रणा, बसवणे बंधनकारक झाले. भारतात मारुती सुझुकीच्या गाड्यांमधील अशी यंत्रणा ‘आयकॅट्स’ या नावाने ओळखली जाते.

ही चिप किल्लीच्या प्लॅस्टिकच्या डोक्यात असते आणि तिला बॅटरी लागत नाही. इग्निशनच्या कुलपाभोवती तारेचे वेटोळे असते. त्यातून निघणाऱ्या सुमारे 125 किलोहर्ट्झच्या लहरींवरच चिपला ऊर्जा मिळते आणि ती आपली ओळख कळवते. नंतरच्या प्रणालींत गाडी दर वेळी वेगळा प्रश्न विचारते आणि चिप गुप्त सूत्राने त्याचे उत्तर काढते. दारे उघडणारा रिमोट हा याच डोक्यात असला तरी वेगळा भाग होय. म्हणून रिमोटचा सेल संपला तरी गाडी सुरू होते. आणि दाते अचूक कापलेली, पण चिप नसलेली किल्ली कुलपात व्यवस्थित फिरते, इंजिन क्षणभर घरघरून बंद पडते किंवा सुरूच होत नाही, आणि डॅशबोर्डवर इमोबिलायझरचा दिवा लुकलुकत राहतो.

सर्व किल्ल्या हरवल्यावर प्रथम पात्याचा प्रश्न येतो. नव्या गाडीबरोबर किल्लीचा क्रमांक कोरलेला धातूचा छोटा बिल्ला मिळतो. त्या क्रमांकावरून यंत्रावर पाते कापता येते. हा बिल्ला पुष्कळदा किल्ल्यांच्याच जुडग्यात अडकवलेला असतो आणि त्यांच्याबरोबरच हरवतो. तसे झाले तर अधिकृत सेवाकेंद्र 17 अक्षरांकांच्या चासी क्रमांकावरून कंपनीकडे विचारणा करते. स्वतंत्र कारागीर ‘लिशी’सारख्या हत्याराने दाराच्या कुलपातील पत्र्यांची उंची मोजतो, किंवा कुलूपच काढून वाचतो.

दुसरा टप्पा जोडणीचा. स्टिअरिंगखालच्या 16 पिनांच्या सॉकेटला निदानयंत्र लावून, कंपनीकडून मिळणाऱ्या सुरक्षा-संकेताच्या आधारे नव्या चिपची नोंद गाडीच्या स्मृतीत केली जाते. प्रत्येक कंपनीची रीत निराळी आहे. फोर्डच्या ‘पॅट्स’ प्रणालीत यंत्र जोडल्यावर प्रवेशासाठी साधारण 10 मिनिटे थांबावे लागते आणि स्मृती पुसल्यावर किमान दोन किल्ल्या नोंदवल्याखेरीज इंजिन सुरू होत नाही. काही गाड्यांत इमोबिलायझरचा संच उघडून त्यातील स्मृतिचिप वाचावी लागते, तर काहींत संचच बदलतात. काम गाडीवर करायचे असल्याने ती केंद्रात न्यावी लागते. स्टिअरिंग आणि ऑटोमॅटिक गिअर अडकलेले असल्याने साध्या दोरीने ओढण्याऐवजी ती सपाट ट्रकवर चढवणेच योग्य ठरते. कारागीर जागेवर आला, तर हा खर्च वाचतो.

सेवाकेंद्रात नोंदणी प्रमाणपत्र, मालकाचे ओळखपत्र, अर्ज आणि बहुधा पोलिसांकडील हरवल्याची नोंद मागितली जाते. हेलपाटे घालणाऱ्याला हे जाचक वाटते, पण याच सेवेचा लाभ गाडीचोरालाही होऊ शकतो हे ध्यानात घेतले तर कागद अनाठायी नाहीत. ही नोंद आणि नव्या किल्लीचे बिल जपून ठेवणे आवश्यक असते, कारण पुढे गाडी चोरीला गेल्यास विमा कंपन्या दाव्यासोबत सर्व किल्ल्या मागतात आणि एखादी कमी असल्यास खुलासा द्यावा लागतो. किल्लीचा स्वतःचा खर्च साध्या पॉलिसीत सहसा येत नाही; त्यासाठी वेगळे पूरक संरक्षण घ्यावे लागते.

जुना रिमोट स्वस्तात विकत घेण्याचा मार्ग बहुधा फसतो. पुष्कळ रिमोट एका गाडीशी जोडले गेले की कायमचे तिचेच होतात. शिवाय अमेरिकेतील अनेक रिमोट 315 मेगाहर्ट्झवर चालतात, तर भारतात आणि युरोपात 433 मेगाहर्ट्झ रूढ आहे.

नवी जोडणी करताना जुन्या किल्ल्यांच्या नोंदी पुसून घेता येतात आणि मग सापडलेली जुनी किल्ली इंजिन सुरू करू शकत नाही. तिचे पाते मात्र दाराचे कुलूप पूर्वीसारखेच उघडते. किल्ली पत्त्यासह किंवा चोरीत गेली असेल, तर दारे, डिकी आणि इग्निशन यांची कुलपे संचासकट बदलावी लागतात.