भाचा का पुतण्या? जेफरसनच्या घरातलं भांडण आणि वाय क्रोमोझोम

'अमेरिकेचे तिसरे अध्यक्ष थॉमस जेफरसन यांना गुलाम बाईपासून मुलं होती हे डीएनए टेस्टनं सिद्ध झालं' असं कुठेतरी वाचलं की माझी चिडचिड होते, कारण गोष्ट बहुतेक खरीच आहे, पण टेस्टनं सिद्ध केलं ते हे नाही.

बाईचं नाव सॅली हेमिंग्ज, व्हर्जिनियात जेफरसनच्या मॉन्टिसेलो मळ्यावरची गुलाम. १८०२ साली हे पहिल्यांदा पेपरात आलं. १८७३ मधे तिचा मुलगा मॅडिसन यानं ओहायोतल्या पेपरात सरळ सांगितलं की आम्हा भावंडांचा बाप जेफरसन. जेफरसनची गोरी नातवंडं मात्र म्हणायची, छे, ही मुलं आजोबांच्या भाच्यांची, म्हणजे पीटर नाहीतर सॅम्युएल कारची. दोन्ही घरच्या आठवणीच, पण इतिहासकारांनी बराच काळ एकीला पुरावा मानलं आणि दुसरीला अफवा.

आता माझा आवडता भाग. इंग्रजीत भाचा आणि पुतण्या दोघेही 'नेफ्यू', पण वाय क्रोमोझोमला (पेशीत डीएनएचे जे धागे असतात त्यातला फक्त पुरुषांकडे असणारा) मराठी येतं! तो बापाकडून मुलाकडेच जातो, त्यामुळे पुतण्याकडे काकाचाच वाय असतो, भाच्याकडे मात्र त्याच्या स्वतःच्या बापाचा, मामाचा नाही. बाकीचे क्रोमोझोम दर पिढीत पत्त्यांसारखे पिसले जातात, वायचा बहुतेक भाग तसाच पुढे सरकतो. त्यात काही ठिकाणी डीएनएची चार-चार अक्षरं एकापुढे एक परत परत येतात, कुणाकडे ११ वेळा, कुणाकडे १५ वेळा, आणि एका जागचा आकडा बदलायला साधारण काहीशे पिढ्या जातात. असे ११ आकडे, शिवाय ७ जागी एखाद्या अक्षराचा वगैरे बदल आणि एक जास्त लांब, भरभर बदलणारा पट्टा, अशा १९ खुणा मिळून जो नमुना बनतो त्याला हॅप्लोटाइप म्हणतात.

जेफरसनचा लग्नाचा मुलगा जगलाच नाही, म्हणून १९९८ मधे त्याच्या काकाच्या, फील्ड जेफरसनच्या, वंशातल्या पुरुषांचं रक्त घेतलं. सोबत कार घराण्याचे पुरुष आणि सॅलीचा धाकटा मुलगा एस्टन याच्या वंशातला एक. एस्टनचा वाय जेफरसन घराण्याशी तंतोतंत जुळला, कारांशी नाही. भाच्यांची गोष्ट तिथेच संपली. पण हाच वाय थॉमसच्या भावाकडे, रँडॉल्फकडे आणि त्याच्या मुलांकडेही होता! टेस्ट म्हणते 'कुणीतरी जेफरसन'. थॉमसकडे बोट जातं ते मॅडिसनच्या शब्दामुळे, आणि सॅलीला प्रत्येक वेळी गर्भ राहिला त्या सुमाराला, म्हणजे जन्माच्या साधारण नऊ महिने आधी, तो मॉन्टिसेलोत होता या नोंदींमुळे.

(आणि 'रक्तातच असतं' म्हणणाऱ्यांसाठी: सहा पिढ्या मागे ६४ पूर्वज, वाय त्यातल्या फक्त एकाचा.)

खरी गंमत पुढे आहे. ज्या एस्टनचा वाय जुळला तो १८५२ मधे विस्कॉन्सिनला गेला, जेफरसन आडनाव लावलं आणि गोरा म्हणून राहिला. पुढच्या पिढ्यांना घरात सांगितलं गेलं की आपण जेफरसनच्या काकाचे वंशज. गोष्ट मुद्दाम वाकवलेली, काळा पूर्वज लपवायला. उलट वुडसन नावाचं कुटुंब पिढ्यान् पिढ्या ठामपणे सांगत आलं की आमचा पूर्वज थॉमस वुडसन हा सॅलीला पॅरिसमधे राहिलेल्या गर्भातून झालेला जेफरसनचा पहिला मुलगा, आणि त्यांचा वाय जुळला नाही. (मॅडिसनच्या सांगण्यानुसार ते पहिलं मूल फार जगलंच नाही.) म्हणजे जिथे आठवण वाकवली तिथे वाय जुळला आणि जिथे जिवापाड जपली तिथे नाही. वुडसनांना खोटारडं म्हणणारे मला पटत नाहीत. बापाचं नाव लिहायचंच नाही अशा व्यवस्थेत नाव तोंडी सांगूनच टिकणार, आणि तोंडी सांगताना माणसं आपल्या भावंडांशी, आपल्या मळ्याशी, आपल्या मानाशी जोडून सांगणार. शिवाय वायची साखळी मधे एका ठिकाणी तुटली, म्हणजे एखाद्या पिढीत खरा बाप दुसराच निघाला, तरी पुढे काहीच जुळत नाही, त्यामुळे 'जुळला नाही' याचाही अर्थ जपूनच लावायचा.

आणि ज्या मॅडिसननं हे सगळं छापून आणलं, त्याची पुरुषांची ओळ पुढे उरलीच नाही, त्यामुळे तपासायला वायच नाही. त्याचा मुलगा विल्यम कॅन्ससमधे लेव्हनवर्थला सैनिकांच्या कबरस्तानात पुरलाय. कबर उकरून नमुना घेण्याची कल्पना पुढे आली तेव्हा वंशजांनी नको म्हणून सांगितलं.