माळव्याचा काळा कातळ आणि लडाखचा द्वीपचाप : पार्श्वभूमी

इंदुरात घराचा पाया खणताना काळ्या मातीखाली मुरूम लागतो आणि मुरुमाखाली काळा कातळ. हा कातळ दख्खनच्या लाव्ह्याचा माळव्यातला भाग असून त्याचे वय सुमारे 6.6 कोटी वर्षे आहे. लेहच्या उत्तरेला खारडुंग गावाच्या परिसरातले ज्वालामुखी खडक साधारण याच वयाचे आहेत, मात्र त्यांचा जन्म अगदी वेगळ्या परिस्थितीत, द्वीपचापात, म्हणजे समुद्रातल्या ज्वालामुखी बेटांच्या कमानीत झाला. या दोन खडकांनी जपलेल्या चुंबकत्वाची तुलना केल्याशिवाय भारत आणि आशिया यांच्या टकरीचा इतिहास नीट मांडता येत नाही, असे मला वाटते.

तप्त लाव्हा थिजून 580 अंश सेल्सिअसच्या खाली आला की त्यातील मॅग्नेटाइट हे खनिज त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून ठेवू लागते. 1906 मध्ये फ्रान्सच्या बर्नार ब्रुन यांना आजच्या क्षेत्राच्या उलट दिशेने चुंबकित झालेला खडक सापडला. 1929 मध्ये जपानच्या मोतोनोरी मातुयामा यांनी क्षेत्राचे हे उलटणे खडकांच्या वयाशी जोडून दाखवले. मातुयामांचा देश स्वतःच एक द्वीपचाप आहे, हा योगायोग मला महत्त्वाचा वाटतो, कारण पुढे 1980 च्या दशकात याच पद्धतीने असे दिसून आले की जपानचा समुद्र उघडत असताना, सुमारे 1.5 कोटी वर्षांपूर्वी, नैर्ऋत्य जपान घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने वळला होता.

दख्खनच्या खडकांकडे लक्ष वळले ते 1950 च्या दशकात. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ पॅट्रिक ब्लॅकेट यांनी फिरणाऱ्या वस्तूंमुळे चुंबकत्व निर्माण होते का, हे तपासण्यासाठी अतिशय संवेदनशील चुंबकमापक बनवला होता. ती कल्पना प्रयोगात टिकली नाही, पण उपकरण खडकांच्या कामी आले. 1956 मध्ये क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांनी दख्खनच्या खडकांवरील निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि त्यानंतर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत राधाकृष्णमूर्ती व सहस्रबुद्धे यांनी हे काम पुढे नेले. मोकळ्या टांगलेल्या चुंबकसुईचा क्षितिजाशी होणारा कोन, म्हणजे नती, अक्षांशानुसार बदलते: नतीची स्पर्शज्या (tan) अक्षांशाच्या स्पर्शज्येच्या दुप्पट असते. या सूत्राने इंदूरच्या आजच्या 22.7 अंश उत्तर अक्षांशाला सुमारे 40 अंश नती येते आणि सुईचे उत्तर टोक खाली झुकते. दख्खनच्या ज्या थरांत क्षेत्र आजच्यासारखेच होते, त्यांत मात्र हे टोक वर उचललेले आढळते, म्हणजे लाव्हा थिजला तेव्हा ही जमीन दक्षिण गोलार्धात, सुमारे 30 अंश अक्षांशावर होती.

द्वीपचापाचा खडक इतक्या सरळपणे हिशेब देत नाही. एक सागरी भूपट्ट दुसऱ्याखाली घुसतो, त्यातले पाणी वरच्या प्रावरणात, म्हणजे भूकवचाखालच्या खडकाच्या जाड थरात, मिसळते, प्रावरणाचा वितळणबिंदू उतरतो आणि समुद्रात ज्वालामुखी बेटांची कमान उभी राहते. अंदमानातले बॅरन बेट आजही या प्रक्रियेची जिवंत खूण आहे. माळव्यातले लाव्ह्याचे थर बहुतेक आडवे पसरलेले आहेत. लडाखमध्ये मात्र टकरीत चाप चेपला गेला, थर तिरपे झाले, आणि नंतरच्या उष्णतेने व गरम पाण्याने जुने चुंबकत्व पुसून त्यावर नवे चढण्याची शक्यता निर्माण झाली. म्हणून नमुना टप्प्याटप्प्याने तापवून नंतर चढलेले चुंबकत्व उतरवावे लागते आणि 1949 मध्ये जॉन ग्रॅहम यांनी मांडलेली घडीची कसोटी लावावी लागते: थर मनाने सपाट केल्यावर वेगवेगळ्या दिशा एकवटल्या, तर चुंबकत्व घडी पडण्यापूर्वीचे आहे. असे तपासलेले नमुनेच विश्वासार्ह ठरतात, त्यामुळे द्वीपचापावरचे काम मोजकेच आणि संथ राहिले.

2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने खारडुंगच्या 6.6 ते 6.2 कोटी वर्षे वयाच्या खडकांवरून त्या वेळचा चापाचा अक्षांश सुमारे 8 अंश उत्तर असा काढला, त्यात साडेपाच अंशांच्या आसपास अधिक-उणे धरलेले आहे. आशियाची दक्षिण कड त्या काळी सुमारे 20 अंश उत्तरेला होती असे मानल्यास चाप आणि आशिया यांच्यात हजार किलोमीटरहून अधिक समुद्र उरतो. म्हणजे भारत प्रथम चापाला आणि नंतर आशियाला भिडला, अशी टप्प्याटप्प्याची टक्कर संभवते. दुसरा पक्ष चाप त्याआधीच, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी संपलेल्या क्रिटेशियस काळात, आशियाला जोडला गेला होता असे मानतो. दोन्ही पक्ष भारताच्या बाजूचा अक्षांश मात्र दख्खनच्या काळ्या कातळाशी ताडून पाहतात.